रस्त्यावर रोज दिसते तेच उत्तर नसते

वाचकांचे प्रश्न : शिकाऊ लायसन्सची परीक्षा

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेविषयी आहेत. गेली अनेक वर्षे मी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवीत आहे आणि या परीक्षेकडे केवळ एक सोपस्कार म्हणून पाहिले जाते याची खंत मला नेहमी वाटत आली आहे. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि वाचकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी शेहेचाळीस वर्षांची गृहिणी आहे. मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यावर स्कूटर शिकायचे ठरवले. नियमांची पुस्तिका दोनदा वाचून परीक्षा दिली, पण पंधरापैकी सातच उत्तरे बरोबर आली. निळ्या गोलातला ५० हा आकडा मला कमाल वेगमर्यादा वाटला, उलटा त्रिकोण म्हणजे पुढे धोका असे मी लिहिले, रेल्वे इंजिनाच्या चित्राला 'फाटक असलेले क्रॉसिंग' म्हटले, आणि अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यावे असे उत्तर दिले. इतक्या पाट्या या वयात पाठ कशा करायच्या? (सातारा जिल्हा)

ताई, आपण कुठे चुकलात ते इतके नेमके लिहून पाठवले याबद्दल आधी आपले मनापासून आभार मानतो, कारण या चार चुकांत बहुतेक सगळ्या परीक्षार्थींच्या चुका सामावलेल्या आहेत. परीक्षेत पंधरा प्रश्न असतात आणि नऊ उत्तरे बरोबर यावी लागतात, म्हणजे आपण दोनच उत्तरांनी मागे राहिलात. तरीही मी आपल्याला दोन उत्तरे अधिक पाठ करा असे सांगणार नाही, कारण पाठ करण्याची वाट लांबची आहे आणि प्रत्येक प्रश्नाला मोजकेच सेकंद मिळत असल्याने घाईत पाठांतर हमखास दगा देते. पाट्या पाठ करायच्या नसून वाचायच्या असतात, आणि वाचायची सुरुवात चित्रापासून न करता आकारापासून आणि रंगापासून करायची असते.

लाल कड्याचा गोल दिसला की तो 'करू नका' असे सांगतो. निळा गोल 'हे केलेच पाहिजे' असे सांगतो. लाल कड्याचा, टोक वर असलेला त्रिकोण पुढे काय आहे ते सांगून सावध करतो, आणि निळा चौकोन किंवा आयत पेट्रोल पंप, दवाखाना, उपाहारगृह अशी माहिती देतो. एवढे मनात ठसले की निळ्या गोलातल्या पन्नासाचा अर्थ आपोआप उलगडतो. लाल कड्यातले पन्नास म्हणजे पन्नासच्या वर जाऊ नका, आणि निळ्या गोलातले पन्नास म्हणजे निदान पन्नासचा वेग राखाच. आकडा तोच असला तरी आज्ञा अगदी उलट आहे. हॉर्नचेही तसेच आहे. लाल कड्यात तिरक्या रेघेने छेदलेला हॉर्न दवाखान्याजवळ दिसतो आणि तो वाजवायला मनाई करतो, तर निळ्या गोलातला हॉर्न, जिथे समोरचे दिसत नाही अशा वळणावर, वाजवण्याची सक्ती करतो. या नियमाला एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा लागतो. वाहन उभे करण्यास मनाई करणारी पाटी निळी असली तरी तिला लाल कडे असते. तिच्यावर एक तिरकी लाल रेघ असेल तर गाडी लावून ठेवू नये, आणि फुली असेल तर क्षणभरसुद्धा थांबवू नये. ही फुली आणि रेघ यांची गल्लत पंचवीस वर्षे गाडी चालवणारेही करतात.

उलट्या त्रिकोणाची गोष्ट वेगळी आहे. सगळ्या पाट्यांत दोनच पाट्या अशा आहेत ज्यांचा आकार दुसऱ्या कोणत्याही पाटीला दिलेला नाही : अष्टकोनी 'थांबा' आणि टोक खाली असलेला 'रस्ता द्या'. धुळीने माखलेली असो, रंग उडालेला असो किंवा मागच्या बाजूने दिसत असो, ही पाटी केवळ आकारावरून ओळखू आली पाहिजे असा त्यामागचा विचार आहे. 'रस्ता द्या' म्हणजे आपण ज्या रस्त्याला मिळणार आहोत त्या रस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यायचे आणि गरज पडली तर थांबायचे. आपल्या गावातला आतला रस्ता जिथे महामार्गाला मिळतो तिथे मुद्दाम जाऊन पाहा. पाटी बहुधा असेल, पण तिच्यासमोर वेग कमी करणारे वाहन क्वचितच दिसेल. रोज ज्या पाटीकडे कुणीच लक्ष देत नाही तिचा अर्थ पुस्तिकेत वाचूनही मनात राहत नाही, आणि ऐन परीक्षेत डोळ्यांना सवयीचे झालेले तेच बरोबर वाटू लागते. माझ्या अनुभवात विद्यार्थी अज्ञानापेक्षा या सवयीमुळेच अधिक चुकतात.

रेल्वेच्या चित्राची खूण सोपी आहे. चित्रात फाटक काढले असेल तर पुढे फाटक आहे, आणि इंजिन काढले असेल तर फाटक नाही, समोर थेट इंजिनच येऊ शकते. देशातील ब्रॉडगेज मार्गांवरची बिनफाटकाची क्रॉसिंग २०१९ पर्यंत बंद करण्यात आली असली तरी नियम आणि त्यावरचा प्रश्न दोन्ही कायम आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३१ प्रमाणे अशा क्रॉसिंगवर चालकाने गाडी थांबवायची असते. गाडीत वाहक किंवा मदतनीस असेल तर त्याने पुढे चालत जाऊन दोन्ही बाजूंनी रेल्वे किंवा ट्रॉली येत नाही याची खात्री करायची, आणि तसे कुणी नसेल तर चालकाने स्वतः उतरून पाहायचे. 'हॉर्न वाजवत वेगाने पार करावे' हा पर्याय प्रश्नात हमखास दिलेला असतो. तो निवडू नका.

आता घाट. पसरणी, कुंभार्ली, आंबेनळी यांच्या कुशीत राहणाऱ्या माणसाकडून हे उत्तर चुकावे याचे मला नवल वाटले नाही, कारण घाटात उतरणारी गाडी दिवे मारत जोरात येते आणि चढणारी बिचारी बाजूला होते, हेच आपण लहानपणापासून पाहिलेले असते. नियम मात्र असा आहे की डोंगरातल्या किंवा तीव्र चढाच्या रस्त्यावर, जिथे दोन वाहने एकमेकांना मोकळेपणाने ओलांडून जाऊ शकत नाहीत, तिथे उतरणाऱ्याने कडेला थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी. कारण समजून घेतले की हा नियम पुन्हा विसरला जात नाही. चढावर भरलेला ट्रक एकदा थांबला की त्याला पुन्हा उचलताना क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर यांचा मेळ जमावा लागतो, आणि जरा चूक झाली तरी तो मागे घसरतो. उतरणाऱ्याला फक्त ब्रेक दाबायचा असतो. ज्याला थांबणे सोपे त्याने थांबावे, इतका साधा न्याय त्यात आहे.

अभ्यासासाठी माझी सूचना अशी की पुस्तिका आठवडाभर बाजूला ठेवावी आणि रोज संध्याकाळी अर्धा तास एखाद्या मोठ्या रस्त्याच्या कडेने चालावे. प्रत्येक पाटीसमोर थांबून आधी आकार, मग रंग आणि शेवटी चित्र वाचावे. रस्त्यावरच्या रेघाही वाचाव्यात. तुटक रेघ पुढचा रस्ता मोकळा असेल तर ओलांडता येते आणि अखंड रेघ ओलांडता येत नाही. दोन्ही शेजारी शेजारी असतील तर आपल्या बाजूला कोणती आहे ते पाहायचे. आठवड्यानंतर पुस्तिका उघडाल तेव्हा ती ओळखीची वाटेल. आणखी एक गोष्ट, आपण चाळिशी ओलांडली असल्याने अर्जासोबत डॉक्टरांनी भरलेले नमुना १-अ हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते पहिल्या वेळी दिलेच असेल, पण त्याची प्रत जवळ ठेवा.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. आमच्या शहरातील मोठ्या चौकात मधोमध वाहतूक बेट आहे. बाहेरून येणारी वाहने थेट आत घुसतात आणि बेटाभोवती फिरणाऱ्यांना थांबावे लागते. सिग्नल पिवळा झाला की सगळे वेग वाढवतात. परीक्षेत काय लिहायचे आणि प्रत्यक्षात काय करायचे? (लातूर)

दोन्हीकडे एकच करायचे. बेटाभोवती आधीपासून फिरत असलेल्या वाहनाचा हक्क पहिला असतो आणि बाहेरून शिरणाऱ्याने थांबायचे असते. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे बेटाला उजव्या हाताला ठेवून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरावे लागते आणि आत शिरताना आतली वाहने नेहमी आपल्या उजवीकडूनच येतात. सिग्नल नसलेल्या साध्या चौकातही उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असा नियम आहे, मात्र त्यातला एक रस्ता मुख्य रस्ता म्हणून ठरवलेला असेल तर त्यावरच्या वाहनांचा मान पहिला. म्हणजे 'उजवीकडे पाहा' एवढे धरून ठेवले तरी यातली बरीच उत्तरे येतात. बेटाभोवतीच्या वाहनांना अडवले की बेट भरते, भरले की कुणालाच बाहेर पडता येत नाही, आणि मग वाहतूक पोलिसाला भर उन्हात मध्ये उभे राहून ती गाठ सोडवावी लागते. आपल्या चौकात हे आपण रोज पाहत असाल.

पिवळा दिवा थांबण्यासाठी आहे. थांबण्याच्या रेघेच्या इतके जवळ पोहोचला असाल की आता ब्रेक दाबणेच धोक्याचे ठरेल, एवढ्याच प्रसंगी पुढे जाण्याची मुभा आहे. पिवळा दिवा उघडझाप करत असेल तर वेग कमी करून जपून पुढे जायचे, आणि लाल दिवा उघडझाप करत असेल तर तो 'थांबा' या पाटीसारखा समजून आधी पूर्ण थांबायचे, मग रस्ता मोकळा पाहून निघायचे. लाल दिवा असताना डावीकडे वळणे अनेकांना आपला जन्मसिद्ध हक्क वाटतो, परंतु तशी मुभा देणारी पाटी किंवा हिरवा बाण असेल तिथेच तसे वळावे, आणि तेव्हाही झेब्रा पट्ट्यावरच्या पादचाऱ्याला आधी जाऊ द्यावे. चौकात पोलीस उभा असेल तर त्याचा हात दिव्यापेक्षा वरचा.

पादचाऱ्यांचा विषय निघाला म्हणून एक प्रश्न इथेच सांगतो, कारण तो विचारला जातो आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. पांढरी काठी हातात घेऊन दृष्टिहीन व्यक्ती रस्ता ओलांडत असेल तर चालकाने काय करावे? ती पांढरी काठी म्हणजेच थांबण्याचा इशारा समजून वाहन थांबवावे, हे उत्तर. हॉर्न वाजवणे हे उत्तर नाही. त्या व्यक्तीला हॉर्न ऐकू येतो, पण तो कुणासाठी आहे आणि गाडी कोणत्या बाजूने जाणार हे कळत नाही.

प्रश्न : माझा मुलगा नुकताच सोळा वर्षांचा झाला. क्लासला जाण्यासाठी त्याला बिनगिअरची स्कूटर घेऊन दिली आहे. सोळाव्या वर्षी शिकाऊ लायसन्स मिळते असे ऐकले. त्याच्यासाठी अर्ज कसा करावा? (नाशिक)

आपण ऐकलेले अर्धेच खरे आहे. सोळाव्या वर्षी परवानगी आहे ती पन्नास सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीला, आणि त्यासाठी पालकांची लेखी संमती लागते. बाजारातल्या नेहमीच्या पेट्रोल स्कूटर शंभर सीसीच्या पुढच्या असतात. गिअर नाही म्हणून वयाची अट शिथिल होत नाही, त्या चालवण्यासाठी अठरा वर्षे पूर्ण व्हावीच लागतात. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेले कलम १९९-अ आपण अवश्य वाचावे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ लायसन्सही मिळत नाही. स्कूटरची किल्ली आजच आपल्याकडे घ्या, ही माझी हात जोडून विनंती आहे.

प्रश्न : एका एजंटाने आधार क्रमांक आणि मोबाइलवर येणारा ओटीपी मागितला आहे. 'परीक्षा आम्हीच देतो, तुम्हाला थेट लायसन्स मिळेल,' असे तो म्हणतो. सगळेच असे करतात. यात धोका आहे का? (पिंपरी)

आहे, आणि तो पकडले जाण्यापुरताच नाही. महाराष्ट्रात जून २०२१ पासून आधारची पडताळणी करून सारथी या संकेतस्थळावर घरबसल्या परीक्षा देण्याची सोय झाली. ज्यांना कामाचा दिवस बुडवून आरटीओत रांग लावणे परवडत नव्हते, त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. तिचा असा उपयोग होताना पाहून वाईट वाटते. ओटीपी देणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही देणे आहे, आणि आपल्या नावाने दुसऱ्याने परीक्षा देणे ही सरळ फसवणूक आहे.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एक तरुण शिकाऊ लायसन्स घेऊन माझ्याकडे आला. हात चांगला होता, चौथ्या दिवशीच गिअर सहज बदलू लागला. पाचव्या दिवशी आम्ही एका गल्लीच्या तोंडाशी आलो, जिच्या खांबावर लाल कड्याचा, आत काहीच नसलेला पांढरा गोल होता. त्याने इंडिकेटर दिला, आरसा पाहिला आणि अगदी व्यवस्थित गाडी आत वळवली. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला तेव्हा समोरून शाळा सुटलेली मुले रस्त्याच्या पूर्ण रुंदीने चालत येत होती. विचारल्यावर तो म्हणाला, "सर, पाटीवर काहीच नव्हतं, म्हणून वाटलं काहीच बंदी नाही." त्या रिकाम्या गोलाचा अर्थ आहे, दोन्ही दिशांनी सर्व वाहनांना बंदी. नंतर त्याने आपण होऊन सांगितले की त्याची परीक्षा दुसऱ्याने दिली होती. मुलांना काही झाले नाही, पण त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला गाडीत बसवण्याआधी वीस पाट्या स्वतः विचारतो, त्याच्या हातात लायसन्स असले तरी.

परीक्षा मराठीत देता येते, संकेतस्थळावर सरावाचे प्रश्नही आहेत, आणि नापास झाल्यास पुन्हा देता येते. एजंटाला द्यायचे पैसे वाचतील ते वेगळेच.

प्रश्न : अपघात आणि कागदपत्रे यांवर कोणते प्रश्न येतात? (रत्नागिरी)

हा भाग लहान आहे, पण पर्याय एकमेकांच्या इतके जवळचे असतात की घाईत चूक होते. आपल्या वाहनाने कुणी जखमी झाले तर जमावाचा क्षोभ किंवा आपल्या हाताबाहेरचे दुसरे कारण नसेल तर जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोहोचवणे हे चालकाचे पहिले कर्तव्य आहे. पोलीस हजर नसतील तर शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचे असते. विमा कंपनीलाही कळवावे लागते. आधी पोलीस ठाणे की आधी रुग्णालय, असा प्रश्न असेल तर उत्तर रुग्णालय. मदत करणाऱ्या त्रयस्थाला पोलीस चौकशीत अडकवतील ही भीती जुनी आहे, पण २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १३४-अ ने सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावे.

खासगी वाहनासाठी नोंदणी प्रमाणपत्र, विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र आणि चालकाचे लायसन्स ही चार कागदपत्रे लागतात. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन यांतील प्रतीही चालतात. मद्याविषयी विचारलेच तर शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल हा गुन्हा आहे.

प्रश्न : शिकाऊ लायसन्स हातात आल्यावर एकट्याने सराव करता येतो का? पक्के लायसन्स कधी मिळते? (पुणे)

एकट्याने करता येत नाही. मोटार शिकताना पक्के लायसन्स असलेली आणि शिकवणारी व्यक्ती शेजारी अशा ठिकाणी बसलेली हवी की वेळ पडल्यास तिला गाडी थांबवता येईल. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात इंग्रजी 'एल' हे अक्षर लावावे लागते. ही पाटी अठरा सेंटिमीटर चौरस असावी आणि अक्षराची उंची किमान दहा सेंटिमीटर असावी. मागच्या काचेच्या कोपऱ्यात चिकटवलेले बोटभर स्टिकर यात बसत नाही. मागून येणाऱ्या ट्रकचालकाला ते दिसतच नाही, आणि अंतर राखायचे की नाही हे तो त्या अक्षरावरूनच ठरवत असतो.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते आणि ते मिळाल्यापासून तीस दिवस पूर्ण झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. हे तीस दिवस कमी वाटत असतील तर वाढवा, सहा महिने हातात आहेत.

दुचाकी शिकताना मागे मैत्रिणीला किंवा मुलाला बसवता येत नाही. मागे बसायचे असेल तर ते फक्त शिकवणाऱ्यानेच, आणि त्याच्याकडे स्वतःचे पक्के लायसन्स हवे. साताऱ्याच्या ताईंची मुलगी सुट्टीत घरी येईल तेव्हा तिच्याकडे ते असेल, तर आईला शिकवायला मागच्या सीटवर तीच बसू शकेल. हेल्मेट दोघींनीही घालावे.